कोरियाची पाकिटं, खडकीची पावती

ऑक्टोबर १९५३ मध्ये भारतीय टपाल खात्याने रोजच्या वापरातल्या बारा तिकिटांवर ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ (कटक म्हणजे फौज) अशी जादा अक्षरं छापली. तीन पैचं अजिंठ्याच्या हत्तीचं, नऊ पैचं घारापुरीच्या त्रिमूर्तीचं, दोन आण्यांचं नटराजाचं, असं करत थेट एक रुपयापर्यंत. ही तिकिटं पत्राला लावायची ती कोरियात गेलेल्या भारतीय सैनिकांच्या फील्ड पोस्ट ऑफिसात. चार-पाच महिन्यांत फौज परत आली आणि तिकिटांचं कामही संपलं.

आमचे आबा, म्हणजे वडील, त्या फौजेत होते. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी त्यांनी आजीला, म्हणजे त्यांच्या आईला, पाठवलेली पाकिटं तिने एकही न फाडता, न टाकता ठेवली. आजीनंतर ती आईकडे आणि आईनंतर माझ्याकडे आली. आबा २०१९ मध्ये गेले. त्यांनी हयातीतच आम्हा भावंडांना सांगितलं होतं, ‘त्या पाकिटांना किंमत येत असली तर खडकीला द्या.’ खडकी म्हणजे पुण्याजवळचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर, मणक्याला इजा होऊन कमरेखालचं किंवा मानेखालचं शरीर लुळं पडलेल्या सैनिकांचं केंद्र. ते १९७४ मध्ये सुरू झालं. आबांच्या युनिटमधला एक जवान १९७१ च्या लढाईत जखमी होऊन पुढे तिथे राहिला. आबा पेन्शनच्या कामाला पुण्यात गेले की त्याच्याकडे जाऊन बसायचे. त्यांनी खडकीच का म्हटलं, हे आम्हाला विचारावं लागलं नाही.

२०२४ मध्ये मी शाळेच्या नोकरीतून पुरती मोकळी झाले आणि हे काम हाती घेतलं. ऑनलाइन लिलावातून वस्तू विकायची आणि आलेले पैसे सैनिकांसाठी द्यायचे, हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात त्यात पावलोपावली निर्णय घ्यावे लागतात आणि त्यातले बरेचसे पैशाचे नसतात. असं काही करायचं कुणाच्या मनात असेल तर माझा अनुभव उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कोरियाबद्दल थोडं. पुढे लिलावात बोली लागली ती या माहितीवरच. २७ जुलै १९५३ ला कोरियात युद्धविराम झाला, पण युद्धकैद्यांचा प्रश्न तसाच राहिला. चीनचे आणि उत्तर कोरियाचे बावीस हजारांवर कैदी आपल्या देशात परत जायला तयार नव्हते. त्यांना सांभाळायचं कुणी? दोन्ही बाजूंना चालेल असा देश म्हणून भारताचं नाव पुढे आलं. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते. कैद्यांचा प्रत्यक्ष ताबा घेणाऱ्या, सुमारे सहा हजार सैनिकांच्या भारतीय फौजेचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपले कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी आपल्या भूमीवर भारतीय सैनिकाने पाय ठेवायचा नाही असा हट्ट धरला. मग जहाजावरून उतरलेल्या आपल्या जवानांना अमेरिकी हेलिकॉप्टरांनी उचलून दोन सैन्यांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेलं. तिथल्या छावणीला आपल्या लोकांनी नाव दिलं हिंदनगर. तिथे एकदा कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत डांबून ठेवलं. थोरात स्वतः आत गेले, कैद्यांशी बोलले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. आबा हा प्रसंग सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. आबा तेव्हा बाविशीतला पोरगा, सिग्नल्समध्ये म्हणजे सैन्याच्या संदेशवहन विभागात, आणि त्यांचा जनरल निःशस्त्र आत चाललेला होता.

आता पाकिटं. पहिलं काम म्हणजे आपल्याकडे नक्की काय आहे हे समजून घेणं. भाच्याने सगळी पाकिटं दोन्ही बाजूंनी स्कॅन केली. मी चिमटा आणला, पाकिटं प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून ग्लासिनच्या, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक, कागदात ठेवली. जुन्या कागदाचा सर्वांत मोठा वैरी दमट हवा. सातारची हवा त्या मानाने कोरडी, म्हणून बरीच पाकिटं चांगली राहिली होती. तरी काहींवर तपकिरी ठिपके होतेच, दोन पाकिटांचा वरचा फ्लॅप फाटला होता आणि एका तिकिटाचा कोपरा दुमडून पांढरा पडला होता. हे सगळं पाकीटवार वहीत लिहिलं. ठिपके घालवायला कुणी काही सांगेल, रबर, ब्लीच, पाण्यात भिजवणं. यातलं काहीही करू नये. संग्राहकाला डागाचं पाकीट चालतं, खटाटोप केलेलं चालत नाही.

मग मला कळायला लागलं की आपल्याला जे भारी वाटतं ते बाजाराला वाटेलच असं नाही. आबांनी जपून ठेवलेला बारा कोऱ्या तिकिटांचा संच मला सर्वांत मौल्यवान वाटत होता. पण त्या काळी असे संच पुष्कळ संग्राहकांनी घेऊन ठेवले, ते आजही सहज मिळतात. एकाच पाकिटावर बाराही तिकिटं लावून शिक्का मारून घेतलेली पाकिटंही बरीच आहेत, कारण ती संग्राहकांनी मुद्दाम करून घेतलेली. याउलट एका जवानाने आईला लिहिलेलं, एकच दोन आण्यांचं तिकीट लावलेलं, फील्ड पोस्ट ऑफिसचा आणि गावच्या टपालाचा असे दोन्ही शिक्के असलेलं साधं पाकीट दुर्मीळ. त्याला कुणी जपत नाही ना. चुलीजवळ, ट्रंकेत, पावसात ती पाकिटं संपून जातात. आजीने जपली, हीच त्यांची किंमत.

त्यातही एक बारकावा. सुरुवातीच्या, सप्टेंबरमधल्या पाकिटांवर साधी भारतीय तिकिटं आहेत, कारण ती छापील अक्षरांची तिकिटं तोवर आलेलीच नव्हती. फक्त फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यावरून ती कोरियाची आहेत हे कळतं. अनोळखी माणूस ती सहज बाजूला टाकेल. जाणकार त्यावरच तुटून पडतो. शिवाय पत्ता. प्रत्येक पाकिटावर आबांच्या टपोऱ्या अक्षरात ‘जि. उत्तर सातारा’ असं लिहिलेलं. १९४९ पासून १९६० पर्यंत आपल्या जिल्ह्याचं नाव खरंच उत्तर सातारा होतं आणि सांगलीला दक्षिण सातारा म्हणत. हे मी माझ्या वर्णनात घातलं, कारण शिक्क्यावरची तारीख अंधूक असली तरी पत्त्यावरून काळ ताडता येतो.

किंमत ठरवताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. दुकानदाराने मागितलेली किंमत ही किंमत नव्हे. ऑनलाइन कुणी एखाद्या पाकिटाला पन्नास हजार लावलेले असतात आणि ते वर्षानुवर्षं तिथेच पडून असतं. झालेल्या लिलावांचे निकाल पाहावेत, कितीला विकलं गेलं ते. बहुतेक लिलावसंस्था जुन्या सूची आणि निकाल खुले ठेवतात. मी आणि भाच्याने रात्री बसून ते चाळले. त्यातून अंदाज आला की आपल्याकडचा ऐवज लाखो रुपयांचा नाही. काही हजारांपासून सुरू होईल आणि नशीब असेल तर लाखाच्या जवळपास जाईल. हा अंदाज धाकट्या भावालाही सांगितला. त्याने विचारलं, ‘ताई, मग पदकंही ठेवू या का लिलावात? त्यांना जास्त येतील.’ आबांचं विदेश सेवा पदक, ‘कोरिया’ पट्टी असलेलं, आमच्याकडे आहे. मी नाही म्हटलं. पाकिटं त्यांनी पाठवली होती, पदक त्यांनी मिळवलं होतं. ते घरात राहील. भावाला ते लगेच पटलं आणि तो विषय पुन्हा निघाला नाही.

एका व्यापाऱ्याला कुठून तरी कळलं आणि तो घरी आला. बोलायला अतिशय गोड. सगळा गठ्ठा रोख बारा हजारांना मागितला. मी नाही म्हटल्यावर म्हणाला, ‘ताई, तुम्ही लिलावच करणार असाल तर एक सांगतो. शहीद जवानाच्या घरातून, असं लिहा. आकडा दुप्पट होतो.’ आबा शहीद झाले नाहीत. ते परत आले, शेती केली, आम्हाला शिकवलं, म्हातारे होऊन स्वतःच्या अंथरुणात गेले. ज्यांच्या घरचा माणूस खरोखर परत आला नाही त्यांचा तो शब्द आहे. तो आपल्या पाकिटांना चिकटवून पैसे उभे करायचे आणि ते पैसे जखमी सैनिकांना द्यायचे, याच्याइतकं वाईट काही मला सुचत नाही. त्याला मी चहा दिला आणि दाराशी सोडून आले.

त्या दिवशी मी स्वतःशी एक ठरवलं आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरूनच घेतला. बोली लावणाऱ्याने पैसे मोजायचे ते वस्तूसाठी. वस्तूबद्दल आपण जे सांगू ते शंभर टक्के खरं आणि पूर्ण असलं पाहिजे. पैसे कुठे जाणार हेही तितकंच खरं आणि पूर्ण असलं पाहिजे. या दोन्हींची सरमिसळ करून कुणाच्या डोळ्यांत पाणी आणायचं नाही.

पैशाचा रस्ता आधी बांधून घेतला, पहिली बोली लागण्याच्याही आधी. सैनिकांसाठी द्यायचं म्हटलं की पहिलं नाव येतं ध्वजदिन निधीचं. ७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. आमच्या शाळेत दरवर्षी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून छोटे ध्वज यायचे आणि मुलं ते छातीला लावून पैसे आणायची. तो निधी केंद्रीय सैनिक बोर्डाकडे असतो, त्याला थेट ऑनलाइनही देता येतं. ज्यांच्या मनात ठरलेली अशी एक जागा नाही त्यांनी निःशंक तिथे द्यावं. आमच्यापुढे आबांचा शब्द होता. म्हणून खडकीच्या केंद्राला पत्र लिहिलं. देणगी कोणत्या नावाने द्यायची, पावती कुणाच्या नावे निघेल, आणि लिलावाच्या सूचीत केंद्राचं नाव छापायला हरकत नाही ना, हे सगळं लेखी घेतलं. ही परवानगी फार महत्त्वाची. संस्थेला न विचारता तिच्या नावावर पैसे जमवणं हे हेतू कितीही चांगला असला तरी चुकीचंच, आणि त्या नावाचा बाजार मांडणाऱ्यांना त्यामुळेच फावतं.

वकील मैत्रिणीने आणखी एक फरक समजावला. लोकांकडून देणगी गोळा करणं वेगळं आणि आपली वस्तू विकून आपल्या पैशातून देणगी देणं वेगळं. पहिल्यात धर्मादाय आयुक्तांकडे कळवण्याचे नियम येतात. मी दुसरं करत होते. त्यामुळे सूचीत वाक्य असं टाकलं : ‘या लॉट्सच्या विक्रीतून हातोडी पडलेली संपूर्ण रक्कम विक्रेती स्वतः खडकी येथील पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरला देणार आहे.’ लॉट म्हणजे लिलावात एकत्र विकायचा गठ्ठा, आणि हातोडी पडणं म्हणजे शेवटची बोली पक्की होणं. विकत घेणाऱ्याने देणगी दिली असं त्यात कुठेही नाही, त्यामुळे त्याला ८०-जीची, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची, पावती मिळेल असा गैरसमजही होत नाही.

खडकीला आम्ही भावंडं जाऊन आलो. तिथे काय पाहिलं याचं वर्णन करणार नाही, माणसांच्या घरात जाऊन आल्यावर असं वर्णन करू नये. फक्त मणक्याच्या इजेबद्दल एवढं लिहिते, कारण आपल्यापैकी बहुतेकांना ते ठाऊक नसतं. ज्याला कमरेखाली संवेदना नाही त्याला गादीची सुरकुती बोचत नाही, म्हणून तो कूस बदलत नाही आणि तिथेच जखम होते. ती जखम हाडापर्यंत जाऊ शकते. त्यामुळे झोपलेल्या माणसाला ठरावीक तासांनी वळवावं लागतं, खुर्चीतल्या माणसाला उशी विशिष्ट लागते, लघवीच्या नळीतून संसर्ग होऊ नये म्हणून रोज काळजी घ्यावी लागते. हे आयुष्यभर. लढाई काही आठवड्यांची असते. विशीत जखमी झालेल्या जवानाची ही काळजी पन्नास-साठ वर्षं चालते. लढाईच्या वर्षी पैसे येतात, तिसाव्या वर्षी येत नाहीत. आबांनी खडकी का म्हटलं ते मला तिथून परत येताना जास्त कळलं.

लिलावसंस्था मुंबईतली निवडली. स्वतःच समाजमाध्यमावर फोटो टाकून लिलाव करता येतो, बरेच जण करतात, आणि कमिशन वाचतं. पण तिथे बोली लावणारा कोण, पैसे देईल का, खरं-खोटं कोण ठरवणार, याला आधार नसतो. देणगीच्या कामात एक जरी वाद झाला तरी बोट त्या केंद्राच्या नावाकडे जातं. म्हणून परवानाधारक, जुनी, टपाल तिकिटांची जाण असलेली संस्था घेतली. पाकिटं मी स्वतः मुंबईला नेली, कुरिअरने पाठवली नाहीत. तिथल्या तज्ज्ञाने भिंग आणि अतिनील दिवा घेऊन एकेक पाकीट पाहिलं. तिकीट मागाहून चिकटवलेलं आहे का, शिक्का तिकिटावरून पाकिटावर सलग उतरला आहे का, जादा छापलेली अक्षरं खरी आहेत का. साध्या स्वस्त तिकिटांवर नंतर खोटी अक्षरं छापून विकणारेही आहेत, म्हणून शिक्का महत्त्वाचा. आमच्या पाकिटांवर प्रत्येक शिक्का तिकिटाच्या कडेवरून सलग कागदावर गेलेला होता.

करार नीट वाचावा. त्यात माझ्याकडून बारा टक्के कमिशन, त्या कमिशनवर अठरा टक्के जीएसटी. विकत घेणाऱ्याकडून वेगळं प्रीमियम, ते संस्थेचं. पॅन, आधार, बँकेचा तपशील. विक्रीनंतर पैसे यायला मुदत दीड महिन्याची. न विकलेला माल कुणी आणायचा, त्याचं भाडं लागेल का, छायाचित्रांचा हक्क कुणाचा. देणगीचं काम आहे म्हणून कमिशन सोडा असं मी विचारलं. त्यांना ते शक्य नव्हतं आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यांचीही माणसं राबतात. पण मग हिशेब असा झाला की घेणाऱ्याला ‘संपूर्ण रक्कम’ सांगायची असेल तर कमिशन माझ्या खिशातून गेलं पाहिजे. तसंच ठरवलं. दुसरा मार्गही प्रामाणिकच आहे, ‘खर्च वजा जाता’ असं लिहायचा. दोन्हींपैकी काहीच न लिहिणं मात्र बरोबर नाही.

सूचीचं वर्णन मीच लिहिलं, संस्थेने ते इंग्रजीत केलं. प्रत्येक लॉटला पाकिटांची संख्या, तिकिटं, शिक्क्याच्या वाचता येणाऱ्या तारखा, दोष. ‘वरचा फ्लॅप फाटलेला’, ‘तपकिरी डाग, मागच्या बाजूला’. संस्थेच्या माणसाला वाटलं मी फारच दोष लिहिते आहे. पण बोली लावणारा स्क्रीनवर पाहतो, त्याच्या हातात वस्तू नाही. डाग आपण सांगितला की बाकीच्या वर्णनावरही त्याचा विश्वास बसतो. नंतर एका खरेदीदाराने कळवलं की त्याने बोली वाढवली ती याच कारणाने.

आतल्या पत्रांचा प्रश्न अवघड होता. तज्ज्ञ म्हणाले, ‘मॅडम, आत पत्र असेल तर पाकिटाची किंमत वाढते. हे तर कोरियातून आईला लिहिलेलं.’ पत्रं मी पुन्हा वाचली. थंडीबद्दल, हिंदनगरबद्दल, कैदी रात्रभर घोषणा देतात त्याबद्दल होतं. आणि आमच्या घरातल्या एका जमिनीच्या वादाबद्दल, एका आत्याच्या सासरबद्दलही होतं. त्या आत्याची मुलं, नातवंडं आज आहेत. तेव्हा मूळ पत्रं घरी ठेवायची, पाकिटं विकायची, आणि ज्या पानांवर फक्त कोरियाबद्दल मजकूर आहे त्या पानांची स्वच्छ छायाप्रत खरेदीदाराला द्यायची, असं केलं. सूचीत तसं स्पष्ट लिहिलं. यामुळे किंमत थोडी कमी आली असेल. आजीला लिहिलेली पत्रं तिच्या लेकीची अब्रू सांभाळूनच बाहेर जायला हवी होती.

मग जाहिरात आली. संस्थेच्या डिझाइनरने मनापासून केली होती. मागे तिरंगा, पुढे सलामी देणारा जवान, कोपऱ्यात सैन्याचं मानचिन्ह. मी ती थांबवली. राष्ट्रध्वज आणि राष्ट्रीय चिन्हं व्यापारी कामाला वापरण्यावर १९५० च्या कायद्याने बंदी आहे, राजमुद्रेसाठी २००५ चा वेगळा कायदा आहे. लिलाव शेवटी विक्रीच, मिळकत कुठेही जावो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तो जवान कोण होता? कुठल्या तरी छायाचित्रातला, ज्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याऐवजी आम्ही एका पाकिटाचं मोठं छायाचित्र घेतलं, नटराजाचं तिकीट, शिक्का आणि आबांचं अक्षर. आजीचं नाव आणि गाव मात्र झाकून.

लिलाव पाच लॉटचा झाला. सप्टेंबरची साधी तिकिटं असलेली आठ पाकिटं, आठ हजारांपासून. दोन आण्यांचं एकेक तिकीट असलेली दहा पाकिटं, दहा हजारांपासून. अजिंठा, त्रिमूर्ती आणि इतर किरकोळ किमतीची तिकिटं एकत्र लावलेली तीन पाकिटं, पाच हजारांपासून. परतीच्या काळातली, फेब्रुवारी १९५४ ची पाकिटं, सहा हजारांपासून. आणि कोऱ्या तिकिटांचा संच, चार हजारांपासून. राखीव किंमत तीच ठेवली, त्याच्याखाली द्यायचं नाही.

ऑनलाइन बोलीत पहिले बरेच दिवस काही घडत नाही. एखादी बोली येते, मग शांत. नवख्याचा धीर सुटतो. पण अनुभवी माणूस आपली वरची मर्यादा आधी संगणकाला सांगून ठेवतो आणि समोरून कुणी वाढवलं की यंत्रच त्याच्या वतीने एक पायरी वर जातं. बाकीचे शेवटच्या मिनिटांची वाट पाहतात. या संस्थेच्या पद्धतीत शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते, म्हणजे कुणी अखेरच्या क्षणी गुपचूप झडप घालू शकत नाही. विकणाऱ्यासाठी ही पद्धत चांगली. तिसऱ्या लॉटवर, त्या किरकोळ तिकिटांच्या तीन पाकिटांवर, दोन संग्राहक भिडले. पाच हजारांवरून वेळ वाढत, वाढत, हातोडी साडेसव्वीस हजारांवर पडली. भाऊ, भाचा आणि मी तिघंही फोनवर होतो, कुणी बोलत नव्हतं. त्या पाकिटांवर आबांनी इतकी छोटी छोटी तिकिटं का लावली होती ते मला ठाऊक आहे, पत्रातच आहे. दोन आण्यांची तिकिटं संपली होती आणि पत्र त्याच दिवशी टाकायचं होतं, आजीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची चौकशी करणारं. त्या घाईतून सर्वांत मोठी बोली निघाली.

पहिला लॉट एकोणीस हजारांना गेला, दुसरा बावीसला, चौथा अकराला. तिकिटांचा संच कुणीच घेतला नाही.

चौथ्या लॉटच्या विजेत्याने पैसे भरले नाहीत. आधी मुदत मागितली, मग उत्तर देणं बंद केलं. असं होतं हे धरून तयारी ठेवावी, आणि म्हणूनच लिलाव संपल्याबरोबर एकूण आकडा जाहीर करू नये. करारात तरतूद होती, संस्थेने त्याखालोखालच्या बोलीदाराला विचारलं. ते गोव्यातले एक वृद्ध संग्राहक निघाले. त्यांनी साडेदहा हजारांना आनंदाने घेतला. एकूण झाले ७८ हजार रुपये.

त्यातून कमिशनचे ९,३६० आणि त्यावरच्या जीएसटीचे १,६८४ रुपये ८० पैसे वजा होऊन माझ्या खात्यात ६६,९५५ रुपये २० पैसे आले. कमी पडलेले ११ हजार ४४ रुपये ८० पैसे आम्ही भावंडांनी वाटून घातले आणि पूर्ण ७८ हजार बँकेतून केंद्राला पाठवले. रोख देऊ नये. दोन हजारांवरच्या रोख देणगीला करात सवलत मिळत नाही, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रोखीचा माग राहत नाही. माझ्या सीएने सांगितलं की नव्या करपद्धतीत मला ८०-जीचा तसाही लाभ नाही, आणि विक्रीची नोंद मात्र विवरणपत्रात नीट दाखवा. दाखवली.

पावती आली तेव्हा तिची प्रत आणि संस्थेने दिलेला विक्रीचा हिशेब, दोन्ही एकत्र करून चारही खरेदीदारांना संस्थेमार्फत पाठवलं. हे कुणी मागितलं नव्हतं. पण त्यांनी सूचीतल्या एका वाक्यावर भरवसा ठेवून बोली लावली असेल तर ते वाक्य पुरं झालं हे त्यांना दिसायला हवं. तिघांनी उत्तर पाठवलं. गोव्याच्या गृहस्थांनी लिहिलं की त्यांचे थोरले बंधू गाझात संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत होते, आणि तिथल्या भारतीय तुकडीसाठी १९६५ मध्ये नेहरूंच्या तिकिटावर जादा अक्षरं छापलेली पाकिटं त्यांच्याकडे आहेत. ती त्यांनाही अशीच द्यायची आहेत. करार कसा केला, केंद्राला पत्र कसं लिहिलं, ते त्यांनी विचारलं. माझ्या पत्राचा मसुदा आणि कराराची कोरी प्रत मी त्यांना पाठवली, नावं झाकून, आणि फोनवर आम्ही बराच वेळ बोललो. त्यांना सांगितलं की पाकिटं आधी स्कॅन करा आणि घरातल्या सगळ्यांची लेखी संमती घ्या, बंधूंच्या मुलांचीही. वारसांपैकी एकाचं जरी मन दुखावलं असेल तर तो लिलाव लावू नये.

न विकलेला बारा तिकिटांचा संच परत आला आहे. तो आता विकायचा नाही असं भावाने सुचवलं. सातारच्या सैनिक स्कूलमध्ये टपाल तिकिटांची आवड असलेली मुलं असतील तर हा संच आणि आबांच्या पत्रातली कोरियाबद्दलची पानं त्यांना दाखवायला न्यावीत, असं त्याच्या मनात आहे. त्यासाठी शाळेला पत्र लिहायला घेतलं आहे.